मुहूर्ताचा विद्यार्थी

पॅकेजची कल्पना उल्हासला फराळाच्या डब्यावरून सुचली, हे तो स्वतःच जाईल तिथे सांगत असे. ब्राउनश्वाइगमधल्या मराठी मंडळाने एका दिवाळीला फराळ सुटा विकायला ठेवला होता. चकल्या अर्ध्या तासात संपल्या आणि अनारशांचं ताट दुपारपर्यंत तसंच राहिलं. पुढच्या वर्षी उल्हासच्या बायकोने, नीताने, सगळे जिन्नस एकाच डब्यात भरले, वर सोनेरी रिबीन बांधली आणि डबे हातोहात गेले. अनारसे कोणी खाल्ले का, हे विचारायला कोणी गेलं नाही. उल्हासच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. डबा गेला म्हणजे अनारसा गेला.

लतिकाने ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती अकॅडमीच्या मीटिंगमध्ये, आणि त्यातला अनारसा कोण हे तिला उल्हासचं वाक्य पुरं व्हायच्या आतच कळलं.

"तुझा कोर्स म्हणजे अनारसा आहे गं," तो म्हणाला. "कौतुक सगळ्यांना. घेत कोणी नाही."

"अकरा जणांनी घेतलाय."

"गेनाऊ. बरोब्बर अकरा."

उल्हासची ही अकॅडमी ऑनलाइन होती, पण तिला स्टेशनजवळ एका फिजिओथेरपी केंद्राच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या. त्यांतल्या एका खोलीत फक्त उल्हासच्या पाठीमागे दिसण्यासाठी लावलेली पुस्तकं होती. नोकरी करता करता, किंवा ती गेल्यावर, नवं काही शिकू पाहणाऱ्या इंजिनिअरांसाठी अकॅडमी लहान-लहान कोर्स चालवत असे. वोल्फ्सबुर्गच्या आसपास गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या माणसं कमी करू लागल्या होत्या, त्यामुळे अशा इंजिनिअरांना तोटा नव्हता. तोटा होता तो कोर्स विकत घेणाऱ्यांचा. एकेक सुटा कोर्स घेऊन काय होणार, असं लोक विचारत, आणि ते चुकीचं विचारत होते असं लतिकाला कधी वाटलं नाही.

ती अकॅडमीची शैक्षणिक प्रमुख होती. इथल्याच तांत्रिक विद्यापीठातून तिने डॉक्टरेट केली होती, मग नऊ वर्षं ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत काढली होती. तिथल्या शेवटच्या वर्षी चाचणीच्या मैदानात एक गाडी उतारावरून आपोआप निघाली आणि कुंपणात घुसली. आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. नंतर यादी काढून पाहिली, तर दोनशेच्या दोनशे चाचण्यांपुढे हिरवी खूण होती. त्यातली एक केलेलीच नव्हती. ज्याने खूण केली तो कोणी लबाड माणूस नव्हता. त्या दिवशी शुक्रवार होता आणि त्याला ट्रेन पकडायची होती, इतकंच.

लतिकाचा ब्रेक सॉफ्टवेअरच्या चाचणीचा कोर्स त्या कुंपणातून निघाला होता. त्याच्या शेवटी तोंडी परीक्षा असे. चाळीस मिनिटं, एकेकट्याची, आणि प्रश्न बहुधा एकच: तुम्ही काय तपासलं नाहीत, आणि का? अकरांतले चार जण नापास झाले होते. उल्हासला हा आकडा एखाद्या आजारासारखा वाटे.

पॅकेज बांधायला त्याला एक आठवडा पुरला. सात कोर्स त्याने एका माळेत ओवले. ते एकमेकांशी संबंधित असावेत अशी अट होती, म्हणून प्रत्येकाच्या नावामागे 'ऑटोमोटिव्ह' लावण्यात आलं. ऑटोमोटिव्ह पायथन. ऑटोमोटिव्ह प्रोजेक्ट मॅनेजमेंट. ऑटोमोटिव्ह अॅजाइल. ऑफिसात बोलायच्या जर्मनचा कोर्स होता, तो रातोरात ऑटोमोटिव्ह डॉइच झाला. धड्यांत फरक एवढाच पडला की पहिल्या धड्यातली मुलाखत आता गाडीत होत होती. नीता शनिवारी प्राणायामाचे वर्ग घ्यायची. त्यांचं ऑटोमोटिव्ह माइंडफुलनेस झालं. वेबसाइट सांभाळणारा कपिल हे नाव टाइप करताना एकदाच थांबला, आणि मग त्यानेही टाइप केलं. पॅकेजमध्ये एकूण चारशे वीस तास भरले आणि वर सोनेरी पट्टी असलेलं प्रमाणपत्र आलं.

यामागे एक साधा हिशेब होता. नोकरी गेलेल्या माणसाला रोजगार कचेरी शिक्षणासाठी कुपन देते, ज्याला इथले सगळे मराठी लोकही बिल्डुंग्सगुटशाइन असंच म्हणतात. हे कुपन सुट्या छोट्या कोर्सला लावता येत नव्हतं. लांबलचक, सलग, तपासून मान्य केलेल्या पॅकेजला लावता येणार होतं. मान्यतेसाठी बाहेरच्या संस्थेचा तपासनीस येऊन कागद बघणार होता, आणि त्या कागदांत परीक्षेचे नियम असायला हवे होते, शैक्षणिक प्रमुखाच्या सहीसकट.

उल्हासने नियम लिहून आणले. शेवटी वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, हवे तितके प्रयत्न.

"आणि तोंडी?" लतिकाने विचारलं.

"तोंडी स्केल होत नाही. शंभर जण आले तर घेणार कोण?"

"परीक्षा आहे ती, उल्हास. स्केल कशाला व्हायला हवी?"

"हे बघ, मी सरळ सांगतो. अकरा पोरांवर तुझा कोर्स मी या उन्हाळ्यापलीकडे चालवू शकत नाही. पॅकेजमध्ये आला तर जगेल. पॅकेज मान्य व्हायला नियमांवर तुझी सही लागते. आता तूच ठरव." त्याने कागद तिच्या टेबलावर ठेवला आणि दारात वळून म्हणाला, "आणि वीस प्रश्न तूच काढ की. अवघड काढ."

तिने सही केली नाही. नाहीही म्हटलं नाही. कागद तिच्या खणात पडून राहिला, आणि आपण टाळाटाळ करतोय हे कळत असूनही ती महिनोन्महिने टाळत राहिली. परीक्षा वाचवावी तर कोर्स जात होता, कोर्स वाचवावा तर परीक्षा. परीक्षेशिवायचा कोर्स म्हणजे पुन्हा ती दोनशे हिरव्या खुणांची यादी.

दरम्यान दसरा आला. ऑक्टोबरची दोन तारीख, साडेतीन मुहूर्तांतला एक, आणि दुसऱ्या दिवशी जर्मनीला सुट्टी. उल्हासला यात दैवी योजना दिसली. पॅकेजची नोंदणी त्याच दिवशी उघडायची ठरली. लतिका ड्रेस्डेनला एका चिप कारखान्यातल्या लोकांपुढे बोलायला गेली होती, त्यामुळे तिने समारंभ फक्त फोनवर फोटोंतून पाहिला. लॅपटॉपला हळदकुंकू. सर्व्हर म्हणून जे काय होतं त्यावर आपट्याची पानं. खरी मिळाली नाहीत म्हणून बागेतल्या कुठल्याशा झुडपाची. आणि मध्ये खुर्चीवर नीताचे वडील, आत्माराम सोनटक्के, वय चौऱ्याहत्तर, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले. त्यांच्या हातात फ्रेम केलेलं काहीतरी होतं आणि त्यावर झेंडूचा जाडजूड हार.

खाली उल्हासने लिहिलं होतं: 'आमचे पहिले विद्यार्थी. शिकायला वय नसतं.'

दुकानाची पहिली बोहनी घरच्या माणसाकडून करून घ्यावी तसं त्याने केलं होतं. लतिकाला हसू आलं आणि ती विसरून गेली.

आत्मारामकाका विसरले नाहीत. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, त्यातली बहुतेक ब्रेकच्या विभागात. ब्राउनश्वाइगमध्ये नीता आणि उल्हास सकाळी बाहेर पडत, नातू शाळेतून आला की आजोबांचं सगळं मराठी ऐकून घेई आणि उत्तर जर्मनमध्ये देई. बाहेर जावं तर दिवस रोज आणखी लवकर मावळे. अशा घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसापुढे कोणी ब्रेकवरचे साठ तासांचे व्हिडिओ उघडून ठेवले, तर तो ते बघणारच. त्यांनी वही केली. समासाला लाल रेघ मारली.

आठवड्याभरात त्यांचा लतिकाला फोन आला.

"डॉक्टरबाई, एक विचारू का? मी पहिल्याच दिवशी पान उघडलं, तर वर अभिनंदन लिहून आलंय. मी तर काहीच केलं नाही अजून. ते काढता येईल का? बरं नाही वाटत."

"सॉफ्टवेअरची चूक असेल, काका. कपिलला सांगते."

तिने कपिलला सांगितलं. कपिल "जा, जा, बघतो" म्हणाला. तो जा होकाराचा होता, पण त्याने बघितलं नाही, आणि तिने पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्यांच्या हिरव्या खुणांवर साठ तास बोलणाऱ्या बाईने ही एक खूण तपासून पाहिली नाही, हे नंतर तिला बरेच दिवस टोचत राहिलं.

काका नोव्हेंबरअखेर पुण्याला परतले तरी प्रश्न येतच राहिले. दर रविवारी वहीच्या पानांचे फोटो यायचे. काही प्रश्न इतके नेमके की लतिकाला आपला धडा दुरुस्त करावा लागला. एका रविवारी प्रश्न नव्हता, नुसतं निवेदन होतं: 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि अॅजाइल या दोन कोर्सांत तेच गृहस्थ, तोच कप, आणि चौथ्या मिनिटाला तोच ठसका. शर्टाचा रंग फक्त बदलला आहे, तोही नंतर रंगवल्यासारखा वाटतो. जावईबापूंना कल्पना असेलच.'

जावईबापूंना कल्पना होती. त्यांचीच होती.

जानेवारीपर्यंत पॅकेजला अडतीस विद्यार्थी झाले. सगळे पदरमोड करून आलेले, कुपन सुरू झालं की आणखी येतील म्हणून उल्हासने ऑफिसात पांढऱ्या फळ्यावर आकड्यासाठी जागाच सोडून ठेवली होती. अडतीसपैकी किती जण धडे उघडतात, हे लतिकाने कपिलला काढायला सांगितलं. नऊ.

"नऊ म्हणजे छानच आहे," उल्हास म्हणाला. "जिमला पण तेवढेच जातात."

तपासणी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी दहाला होती. तपासनीस फ्राउ ल्यूडर्स दहाला तीन मिनिटं कमी असताना आल्या. उंच, करड्या केसांच्या, पाठीला सायकलवाल्यांची असते तशी बॅग. उल्हासने समोसे मागवले होते. त्यांनी नळाचं पाणी मागितलं, बॅगेतून स्वतःचा डबा काढून टेबलाच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, "मला तीन विद्यार्थ्यांचे पूर्ण कागद हवेत. एक, एकोणीस आणि अडतीस."

"एकोणीस फार चांगला विद्यार्थी आहे," उल्हास हसून म्हणाला.

"एकपासून सुरू करू," त्या म्हणाल्या.

कपिलने फाइल पडद्यावर उघडली. फ्राउ ल्यूडर्सनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं. लतिका त्यांच्या मागे उभी होती, तिनेही वाचलं. सोनटक्के, आत्माराम. प्रवेश: दोन ऑक्टोबर, दहा वाजून चौदा मिनिटं. सातही कोर्स पूर्ण, परीक्षा उत्तीर्ण, प्रमाणपत्र क्रमांक एक प्रदान: दोन ऑक्टोबर, दहा वाजून एकतीस मिनिटं. खाली सोनेरी पट्टी, आणि पट्टीच्या वर लतिकाची सही, तिच्या कुठल्याशा जुन्या कागदावरून उचललेली.

झेंडूच्या हाराखाली काय होतं, ते तिला आता कळलं.

"चारशे वीस तास," फ्राउ ल्यूडर्स म्हणाल्या. "सतरा मिनिटांत."

खोलीत खालच्या मजल्यावरच्या व्यायामाच्या सायकलची घरघर ऐकू येत होती. उल्हासने घसा साफ केला. "ही आमची परंपरा आहे. आल्झो, म्हणजे सांस्कृतिक. शुभ दिवशी पहिला विद्यार्थी घरातला ज्येष्ठ माणूस असतो. मुहूर्त संपायच्या आत सगळं व्हावं लागतं. एक समारंभ, थोडक्यात."

फ्राउ ल्यूडर्सनी आपला छापील तक्ता पुढे ओढला. "शिक्षणाचा प्रकार इथे नोंदवायचा असतो. प्रत्यक्ष, ऑनलाइन आणि मिश्र, असे तीन रकाने आहेत. समारंभ मी कशात लिहू?"

त्या थट्टा करत नव्हत्या. पेन टेकवून खरोखरच थांबल्या होत्या.

उल्हास लतिकाकडे वळला आणि चेहऱ्यावरचं हसू न हलवता मराठीत, भरभर, बोलू लागला. "सांग ना त्यांना, मुस्टर आहे म्हणून. नुसतं मुस्टर. त्सेर्टिफिकाट कसं दिसेल ते दाखवायला केलं होतं, म्हणावं. तू सांगितलंस तर ऐकतील, तू प्रमुख आहेस. रेगिस्टरमध्ये चुकून राहिलं म्हण."

पंधरा वर्षं जर्मनीत काढलेल्या माणसाच्या गुप्त बोलण्यात गुप्त फारसं काही उरत नाही. कामाच्या सगळ्या नामांना त्याच्याकडे जर्मनच शब्द होते, आणि नेमकी तीच नामं फ्राउ ल्यूडर्सना हवी होती.

"मुस्टर?" त्या म्हणाल्या. "नमुना असेल तर तो रजिस्टरमध्ये नसतो. आणि असेल, तर तुमचे विद्यार्थी अडतीस नसून सदतीस आहेत. तुम्ही अर्जात अडतीस लिहिलेत." मग त्या लतिकाकडे वळल्या. "फ्राउ डॉक्टर पाटणकर, सही तुमची आहे?"

उल्हासने समोशाची ताटली दोन बोटं पुढे सरकवली, कोणाच्या दिशेने ते त्यालाही माहीत नव्हतं.

लतिकाला खोटंही बोलावं लागलं नसतं. मुस्टर म्हटलं असतं तर ते जवळजवळ खरंच होतं. उल्हासच्या डोक्यात ते प्रमाणपत्र नारळापेक्षा वेगळं कधी नव्हतंच. एक शब्द, आणि पॅकेज वाचलं असतं, त्याच्यासोबत तिचा कोर्स. त्या शुक्रवारी ट्रेन पकडायला निघालेल्या माणसालाही असंच एक चौकोन भरायचं काम उरलं होतं.

"सही माझी आहे," ती जर्मनमध्ये म्हणाली. "ती इथे मी केलेली नाही. या विद्यार्थ्याची परीक्षा झालेली नाही. त्याने नोंदणीनंतर आठवड्याभराने मला सांगितलं होतं की काहीतरी चुकलंय. मी ते पाहायला हवं होतं, पाहिलं नाही."

"परीक्षेचे नियम?"

"अर्जासोबत जोडलेत ते मला मान्य नाहीत. म्हणून त्यांवर सही नाही." तिने खणातून उल्हासचा कागद काढला, मग त्याच्याखालची जुनी फाइल. "हे माझे. हे अकरा परीक्षांचे वृत्तान्त. चार नापास."

"चार," उल्हास हताशपणे म्हणाला, मराठीत.

फ्राउ ल्यूडर्सनी एक वृत्तान्त उघडला आणि वाचत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "अशी एक परीक्षा मला बघता येईल का? आजच्या आज?"

आज कोणाचीच परीक्षा नव्हती. नऊ जण धडे उघडत होते, त्यातला ब्रेकच्या कोर्सच्या शेवटापर्यंत पोचलेला एकच होता. पुण्यात दुपारचे चार वाजले होते. लतिकाने फोन लावला.

"काका, तोंडी परीक्षा देता? आत्ता. एक तपासनीस बाई ऐकणार आहेत. इंग्रजीत. नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही."

"चहा झालाय," आत्मारामकाका म्हणाले. "पाच मिनिटं द्या, शर्ट बदलतो."

पाच मिनिटांनी ते पडद्यावर आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पुढ्यात बंद वही. उल्हास त्यांना दिसणार नाही असा भिंतीला टेकून उभा राहिला. सासऱ्याशी तो अहो-जाहो करत असे आणि त्यांच्यासमोर कधी मोठ्याने बोलत नसे. आता तर बोलायचीच सोय नव्हती.

लतिकाने विचारलं, "उतारावर उभ्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक. दोनशे चाचण्या केल्या, सगळ्या पास. तुम्हाला एकच चाचणी वाढवायची परवानगी आहे. कोणती?"

काकांनी विचार केला. "इंजिन चालू, दार उघडं, ड्रायव्हर सीटवर नाही," ते तुटक पण स्वच्छ इंग्रजीत म्हणाले. "घाटात ड्रायव्हर असाच उतरतो. चाकाखाली दगड लावायला. कंपनी म्हणेल, तो असा उतरणार नाही. तो उतरतो."

फ्राउ ल्यूडर्सनी काहीतरी लिहिलं.

"ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं त्यानेच चाचणी घेतली, तर काय हरकत?"

"आमच्याकडे ब्रेक बसवणारा फिटर ट्रायलला जात नसे. दुसरा जायचा. पहिल्याचा दुसऱ्यावर राग असायचा. तो असायलाच पाहिजे."

"ब्रेकचा आणि गाडीच्या इतर यंत्रणेचा संपर्क तुटला. ब्रेकने काय करावं?"

"लागावा," काका लगेच म्हणाले.

"गाडी ताशी नव्वदच्या वेगाने चाललीय."

काकांनी बंद वहीवर हात ठेवला, उघडली नाही. "मग लागू नये," ते सावकाश म्हणाले. "मग चाकं जाम होतील. पण संपर्क तुटला तर नव्वद आहे हे ब्रेकला कळणार कसं? हे नवव्या आठवड्यात आहे. मी तीनदा वाचलं. मला समजलेलं नाही."

त्यापुढचे प्रश्न गणिताचे होते. बिघाडाची शक्यता किती, ती कशी मांडायची. काका दोन पायऱ्या बरोबर गेले आणि तिसरीवर थांबले. अंदाज करून उत्तर द्यायची संधी लतिकाने त्यांना दिली, त्यांनी घेतली नाही. चाळीस मिनिटं पुरी झाली. तिने तक्ता भरला, बेरीज केली आणि पडद्याकडे पाहिलं.

"सत्तेचाळीस, काका. उत्तीर्ण व्हायला साठ लागतात."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मलाही पन्नासच्या आतच वाटत होते."

पडदा बंद झाल्यावर फ्राउ ल्यूडर्स बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी डबा उघडला, त्यातलं सँडविच खाल्लं, आणि एकोणीस व अडतीस क्रमांकांच्या फाइली मागितल्या.

दुपारी त्या गेल्या तेव्हा मागे अटींचं एक पान ठेवून गेल्या. प्रमाणपत्र क्रमांक एक रद्द. पर्यायांचे वीस प्रश्न रद्द, प्रत्येक विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा बंधनकारक. अॅजाइल आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट यांपैकी एकच ठेवावा, कोणता ते अकॅडमीने ठरवावं. माइंडफुलनेसचा गाड्यांशी संबंध लेखी सिद्ध करावा, अन्यथा वगळावा. एवढं झालं की पॅकेज मान्य.

जिन्यात उल्हासने तिला गाठलं. "माझ्या सासऱ्याला नापास केलंस तू."

"सत्तेचाळीस मिळाले त्यांना."

"तेरा मार्कांनी काय ब्रेक फेल होणार होते गं? नीताला काय सांगू मी?"

"नीताला त्यांनीच सांगितलं असेल आत्तापर्यंत."

"तोंडी, प्रत्येकाची," तो म्हणाला, आणि जिन्याच्या कठड्याला धरून खालच्या पायरीवर बसला. "संपलं सगळं. कोण येणार आता?"

लतिकाला त्याची क्षणभर दया आली. दया करायची घाई झाली, हे तिला पुढच्या सोमवारी कळलं. सकाळी ट्रामच्या थांब्यावर तिने फोन उघडला, तर उल्हासची नवी पोस्ट वरच होती. दसऱ्याचाच फोटो, तोच हार. खाली लिहिलं होतं: 'आमची परीक्षा इतकी कडक आहे की संस्थापकाचे सासरेही नापास झाले. आम्ही नात्यागोत्याला सर्टिफिकेट देत नाही. जर्मनीतलं असं एकमेव पॅकेज.' खाली साडेचारशे लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एकाने लिहिलं होतं, 'याला म्हणतात सचोटी.' ती टिप्पणी उल्हासने वर टाचून ठेवली होती.

ती ऑफिसात पोचेपर्यंत फळ्यावरचा आकडा एकाहत्तर झाला होता आणि कपिल नवं पान बांधत होता. तोंडी परीक्षेची तयारी करून घेणारं वेगळं पॅकेज. चार संबंधित कोर्स. संभाषणकौशल्य, ऑटोमोटिव्ह डॉइच भाग दोन, वगळलेला अॅजाइल, आणि परीक्षेच्या भीतीवर माइंडफुलनेस.

"याला मान्यता लागत नाही," कपिल मान वर न करता म्हणाला. "विचारलंय."

"शर्ट कोणता रंगवलास आता?"

"हिरवा," तो म्हणाला.

लतिका आपल्या टेबलाशी गेली. एकाहत्तर जणांची तोंडी, प्रत्येकी चाळीस मिनिटं. परीक्षा तिला मिळाली होती, तिच्या सहीसकट, आणि ती आता पहिल्या पानावर जाहिरात म्हणून फडकत होती. यांतले साठ जण धडे उघडणार नाहीत, नापास होतील, आणि त्यांच्या नापास होण्यावर उल्हास आणखी एखादं पॅकेज काढेल. ते ती थांबवू शकत नव्हती. साठ गुणांच्या खाली कोणी उत्तीर्ण होणार नाही, एवढंच ती करू शकत होती. तिने कॅलेंडर उघडलं आणि मार्चपासूनच्या तारखा लावायला घेतल्या.

फोन वाजला. पुणे.

"डॉक्टरबाई, नववा आठवडा झाला माझा," आत्मारामकाका म्हणाले. "ब्रेकने चाकाचा वेग स्वतः वेगळा मोजायचा, दुसऱ्यावर विसंबायचं नाही. तेच ना? मला फेरपरीक्षेची तारीख पाहिजे."

"तेच, काका. पण गणित?"

"गणिताला महिना लागेल."

"मग अठ्ठावीस मार्च? शनिवार आहे. तुमचे दुपारी तीन."

त्यांनी तारीख वहीत लिहून घेतली. पेनचा आवाज आला. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि एक करा. जावईबापूंना कळवू नका. नारळ घेऊन बसतील."

लतिकाने अठ्ठावीस तारखेच्या चौकोनात नुसतं 'सोनटक्के' लिहिलं, आणि पुढच्या नावाकडे वळली.